पायांचा इतिहास : कार्टरसाहेब, नारू आणि खिळा नसलेली चप्पल

आपल्या साताऱ्यात १८६३ ते १८७२ या काळात हेन्री व्हॅन्डाइक कार्टर नावाचा एक इंग्रज सिव्हिल सर्जन होता. तुरुंगाची देखरेखही त्याच्याकडेच. नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसेल, पण त्याचं काम जगभरातल्या डॉक्टरांच्या कपाटात आहे. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' हे १८५८ साली लंडनमध्ये निघालेलं शरीररचनेचं जाडजूड पुस्तक, त्यातली चित्रं या कार्टरने काढली. मजकूर हेन्री ग्रेचा. नाव ग्रेचं झालं, इतकं की पुढे अमेरिकन टीव्ही मालिकेलाही त्यावरूनच नाव सुचलं. कार्टरला एकरकमी मोबदला मिळाला आणि पुस्तक बाजारात यायच्या आधीच तो बोटीत बसून मुंबईला पोचला होता.

मुंबईत तो ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायला लागला. शेजारीच जेजे हॉस्पिटल. तिथे त्याला एक विचित्र पाय दिसायला लागला. सुजून दगडासारखा झालेला, वर गाठीच गाठी, गाठींना भोकं, आणि त्या भोकांतून पू आणि बारीक काळे किंवा पांढुरके दाणे बाहेर येतायत. रुग्ण कोण? शेतात अनवाणी राबणारे लोक. इंग्रज डॉक्टर याला 'मदुरा फूट' म्हणायचे, कारण मदुराईकडे हा रोग आधी नोंदला गेला होता. कार्टरने कापून काढलेले पाय तपासले, दाणे सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि सांगितलं की ही बुरशी आहे. 'मायसेटोमा' हे नाव त्याने दिलं. १८७४ मध्ये त्याचं या विषयावरचं सचित्र पुस्तक आलं. नंतरच्या संशोधनाने कळलं की काही पायांत बुरशी असते आणि काहींत बुरशीसारखे दिसणारे जीवाणू, पण मूळ वाट त्याने दाखवली. बाभळीचा काटा मोडतो, माती आत जाते, आणि वर्षा-दोन वर्षांनी पाय जातो. त्या काळात उपाय एकच होता, पाय कापणे.

आता कुणी म्हणेल, हा इतिहास आत्ता कशाला? तर सांगतो. आपल्याकडे हृदयाचा डॉक्टर आहे, डोळ्यांचा आहे, दातांचा तर चौकाचौकात आहे. पायाचा मात्र कुणीच नाही. इंग्लंडात 'पोडियाट्रिस्ट' हा वेगळा व्यवसाय आहे, तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत तो बसतो, नखं, कुरूप, भेगा, जखमा हे सगळं बघतो. आपल्याकडे हा शब्द अलीकडे मोठ्या शहरांतल्या बोर्डांवर दिसायला लागलाय. पायाला काही झालं तर आपण काय करतो? भेगांना मेण नाहीतर कोकम तेल. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या तर हळद नाहीतर मेंदी. कुरूप असेल तर ब्लेड. हो, ब्लेडच, घरच्या घरी. आणि अगदीच चालता येईना झालं की मग दवाखाना.

हे असं का, याचं माझं उत्तर थोडं टोचेल. पाय हा अवयव आपण जातीच्या उतरंडीत अगदी खाली ठेवला. शूद्र विराट पुरुषाच्या पायांतून झाले, हे आपणच सांगत आलो. पायाला हात लावणं म्हणजे एकतर नमस्कार, नाहीतर हलकं काम. मधलं काही नाही. चांभार पायताण करायचा, पण त्याला गावाबाहेर ठेवला. न्हावी नखं काढायचा, काटा काढून द्यायचा, पण ते बलुत्यातलं काम, त्याला कुणी वैद्यकी म्हटलं नाही. ज्याला पायाची खरी माहिती होती त्याच्या हातात पुस्तक नव्हतं, आणि ज्याच्या हातात पुस्तक होतं तो पायाला हात लावत नव्हता.

पायताणाचंही तसंच. दलितांना वरच्या आळीतून जाताना चपला हातात घ्यायला लागायच्या, हे आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातलं आहे, फार लांबचं नाही. घरातल्या सुनेने सासऱ्यासमोर चप्पल घालायची नाही, हे तर अजून काही घरांत चालतं. म्हणजे अनवाणी चालणं ही नुसती गरिबी नव्हती, रीत होती. आणि रीत असली की तिच्यामुळे होणाऱ्या रोगाला 'रोग' म्हणायला वेळ लागतो. कार्टरच्या टेबलावर आलेले पाय कोणत्या आळीतले असतील, याचा अंदाज बांधायला फार अक्कल लागत नाही.

आता नारू. पन्नाशीच्या पुढच्या लोकांना हा शब्द माहीत आहे, पोरांना नाही, आणि पोरांना माहीत नाही ही फार चांगली गोष्ट आहे. पायावर आधी फोड यायचा, आग व्हायची, फोड फुटला की त्यातून पांढरा दोऱ्यासारखा जंत डोकं काढायचा. लांबी जवळजवळ तीन फुटांपर्यंत. जाणती माणसं तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायची. घाई केली आणि तुटला, की पाय सडायचा. ऐन पेरणीत माणूस महिना महिना आडवा.

हा जंत यायचा पिण्याच्या पाण्यातून. आपल्याकडच्या बारवा, पायविहिरी दिसायला देखण्या. लिंबची बारा मोटेची विहीर आपण पाहुण्यांना हौसेनं दाखवतो, मीही दाखवतो. पण पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायची सोय म्हणजे नारूचीही सोय. पायाची आग शमवायला माणूस पाण्यात पाय बुडवायचा, जंत तिथे लाखो पिल्लं सोडायचा, पाण्यातले बारीक किडे ती गिळायचे आणि तेच पाणी घागरीतून दुसऱ्याच्या पोटात. वर्षभराने त्याच्या पायाला फोड.

या रोगावर ना औषध होतं ना लस. आणि तरी तो गेला. देशात १९८३-८४ पासून मोहीम चालली. महाराष्ट्र हा नारूग्रस्त राज्यांपैकी एक होता. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं किंवा त्यांना कठडे घालून वरून पाणी शेंदायची सोय करणं, हातपंप बसवणं, पाणी फडक्यातून गाळणं, विहिरीत औषध टाकणं, आणि घरोघर जाऊन कुणाच्या पायाला फोड आहे का ते बघणं. बस, एवढंच. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. सरकारी आरोग्यसेवकाने घरोघर जाऊन लोकांचे पाय बघितले, म्हणून हे झालं. सरकारी यंत्रणेला काही जमत नाही म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. जमतं. पाय बघायला सांगितलं तर बघतात.

आता कुष्ठरोगाकडे येऊ, कारण पायाची खरी विद्या आपल्याला त्यातून मिळाली.

मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये कुष्ठरुग्णांसाठी आश्रम उभा राहिला, आज वडाळ्याला तो त्यांच्याच नावाने आहे. १८९८ मध्ये कायदा आला, रस्त्यावरच्या गरीब रुग्णांना पकडून आश्रमात टाकायचा. पैसेवाल्या रुग्णाला तो लागत नव्हता, हे वेगळं सांगायला नको. १९३६ मध्ये विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरचं कुष्ठधाम सुरू केलं. सेवाग्रामला संस्कृत पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोग घेऊन आले तेव्हा गांधीजी स्वतः त्यांना मालिश करायचे, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, १९४९ मध्ये बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती आणि वरोऱ्याचं आनंदवन. ही सगळी माणसं मोठीच. पण त्या काळापर्यंत एक समजूत डॉक्टरांपासून सगळ्यांची होती, की कुष्ठरोगात मांस आतून कुजतं आणि बोटं झडतात.

ही समजूत मोडली वेल्लोरमध्ये. पॉल ब्रँड हा तमिळनाडूच्या डोंगरात, मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेला सर्जन १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आला. त्याच्या लक्षात आलं की कुष्ठरुग्णाच्या जखमा इतरांसारख्याच भरून येतात. मांस वाईट नाही. बिघाड एवढाच की दुखत नाही. आणि दुखत नाही म्हणून माणूस जखमेवर चालत राहतो. तुम्हाआम्हाला चपलेत खडा गेला तर आपण दोन पावलांत थांबतो, लंगडतो, खडा काढतो. ज्याच्या पायाची शीर मेली तो दिवसभर त्या खड्यावर चालतो. संध्याकाळी घरी जाऊन बघतो तर मोजा रक्ताने भिजलेला. काही रुग्णांची बोटं रात्रीत गायब व्हायची, ती का, तर झोपेत उंदीर कुरतडायचे आणि यांना पत्ताच नसायचा. ब्रँडच्या लोकांनी मग रुग्णांना मांजरी दिल्या. मला विचाराल तर वैद्यकाच्या इतिहासातल्या सगळ्यात शहाण्या 'औषधां'पैकी हे एक.

जखम भरायची तर तिच्यावरचा भार काढायचा. पायाला घट्ट बसेल असं प्लास्टर घालून जखम बरी करायची पद्धत भारतात आणि सिलोनमध्ये १९३०च्या दशकातच कुष्ठरुग्णांसाठी वापरली गेली होती, ब्रँडने ती उचलली आणि पुढे नेली. मग प्रश्न आला चपलेचा. प्लास्टर काढल्यावर माणूस पुन्हा त्याच चपलेवर चालला तर पुन्हा जखम. म्हणून वेल्लोर आणि शेजारच्या करिगिरीत चपलेवर प्रयोग झाले. वर मऊ, बारीक छिद्रांचा रबर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, तीच 'एमसीआर' चप्पल. खाली कडक तळ, काटा शिरू नये म्हणून. मागे पट्टा, चप्पल धरून ठेवायला पायाच्या बोटांना जोर लावायला लागू नये म्हणून. आणि खिळा एकही नाही. कारण चपलेतून वर आलेला खिळा बधिर पायाला कळत नाही.

इथे थोडं आडवळण. कोल्हापुरी चप्पल, जिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्या यादीत आपला सातारा जिल्हाही आहे, तीही परंपरेनं बिनखिळ्याचीच. कातड्याच्या वादीने शिवलेली. २०२५ मध्ये प्राडाने तसलीच चप्पल मिलानच्या रॅम्पवर आणली तेव्हा आपण सगळे भडकलो, बरोबरच होतं. फक्त कोल्हापुरी कडक असते, बधिर पायाला ती चालत नाही. पण हात तोच. ज्या कारागिराला बिनखिळ्याची चप्पल शिवता येते त्याला एमसीआरचा तळ बसवायला शिकवणं काही रॉकेट बनवणं नव्हे.

महाराष्ट्रातही काम झालं. डॉ. नोशिर अँटिया, इंग्लंडात प्लास्टिक सर्जरी शिकून आलेले, त्यांनी पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरोग आश्रमात रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या, आणि पुढे जेजेमध्ये प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. सर्जन असूनही त्यांचा भर गावपातळीवरच्या, शाळा कमी शिकलेल्या आरोग्यसेविकांवर होता. साध्या बाईला नीट शिकवलं तर ती बरंच काही ओळखू शकते, हे त्यांनी रायगड जिल्ह्यात मांडव्याला करून दाखवलं.

१९८३ नंतर बहुऔषधी उपचार आले आणि कुष्ठरोग खरोखर बरा व्हायला लागला. डिसेंबर २००५ मध्ये देशाने दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठलं. 'निर्मूलन' झालं असं जाहीर झालं आणि लोकांना वाटलं, संपलं. संपलेलं नाही. महाराष्ट्रात आजही दरवर्षी हजारो नवे रुग्ण सापडतात. शिवाय औषधाने जंतू मरतो, मेलेली शीर जिवंत होत नाही. बरा झालेला माणूस उरलेलं आयुष्य बधिर पायावर काढतो. त्याला राष्ट्रीय कार्यक्रमातून एमसीआर चप्पल मिळते, वर्षाला दोन जोड. पण ती चप्पल लांबूनच ओळखू येते, म्हणून बरेच जण ती घालत नाहीत. गावात कळेल ना. म्हणजे पाय वाचवणारी वस्तू घरात पडून, आणि पाय साध्या स्लिपरमध्ये. चपलेचा रंग आणि घाट बाजारातल्या चपलेसारखा करा, ही मागणी फार मोठी आहे का?

आता गोष्टीचा पुढचा भाग. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेला. तिथे त्याच्या लक्षात आलं की मधुमेह्यांचे पाय अगदी असेच जातायत. साखरेने शिरा मरतात, पाय बधिर होतो, जखम कळत नाही. तमिळनाडूच्या कुष्ठरुग्णांच्या पायांवर शिकलेलं सगळं, प्लास्टर, मऊ चप्पल, रोज पाय बघायची सवय, तिथून जगभरच्या मधुमेहाच्या दवाखान्यांत गेलं. आणि मग ते आपल्याकडे परत आलं. कुष्ठरुग्णांसाठी फुकट असलेलं शहाणपण आता मोठ्या शहरांत 'डायबेटिक फूट क्लिनिक' म्हणून फी देऊन मिळतं.

विदर्भातलं एक उदाहरण मात्र सांगितलंच पाहिजे. नागपूरचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे यांनी 'स्टेप बाय स्टेप' प्रकल्पात, जो भारत आणि टांझानियात एकाच वेळी चालला, ठिकठिकाणच्या डॉक्टर-नर्सच्या जोड्यांना पायाची काळजी शिकवली. एकटा डॉक्टर नाही, सोबत नर्स हवीच, कारण रोज रुग्णाशी बोलणारी तीच. आपल्या गावाकडच्या मधुमेह्यांच्या पायांत ब्रँडचे ते उंदीरही भेटतात. रात्री अंगठा कुरतडलेला, सकाळी अंथरुणात रक्त, आणि माणूस म्हणतो, मला काहीच कळलं नाही.

२०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात १० कोटींवर मधुमेही आहेत. आपल्या गावात कोण कोण गोळी घेतं ते मनात मोजा, हाताची बोटं पुरणार नाहीत. आता हे बघा. पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड करत जाते तेव्हा आपण वारकऱ्यांचे पाय चेपतो, तेल लावतो, चांभार बांधव फुकट चपला शिवून देतात. मोठं काम आहे, यात वाद नाही. पण त्याच रस्त्यावर नवस म्हणून अनवाणी चालणारा साठीचा मधुमेही असतो. तापलेल्या डांबराने तळव्याला फोड आलेला त्याला कळत नाही. तेल लावणाऱ्यालाही कळत नाही, कारण त्याला कुणी सांगितलेलं नाही की फोड असेल तर चोळायचं नाही, थांबवायचं. ऊसतोडीला आलेल्या टोळीतही तेच. पाचटाची धस पायात गेली तर साखर तपासायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. फडातली चप्पल म्हणजे टायरची नाहीतर झिजलेली स्लिपर.

पाय जातो तेव्हा तो एका दिवसात जात नाही. आधी बधिरपणा, मग घट्टा, घट्ट्याखाली जखम, मग घरगुती उपाय, मग पू, मग कर्ज काढून मोठं हॉस्पिटल, आणि मग तिथे कागदावर सही. या साखळीतलं पहिलं कडं ओळखायला काय लागतं? दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागा, तो तळव्यावर टेकवून विचारायचं, कळलं का? धागा नसेल तर कुष्ठरोग कार्यक्रमात वापरतात तसं साधं बॉलपेन. तेही नसेल तर रुग्णाला डोळे मिटायला सांगून त्याच्या बोटांच्या टोकांना आपलं बोट हळूच टेकवायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

आपल्या उपकेंद्रात, म्हणजे आता ज्यावर आयुष्मान आरोग्य मंदिर लिहिलंय तिथे, तिशीच्या पुढच्या सगळ्यांचं बीपी आणि साखर तपासायचं ठरलेलं आहे. चपला दाराबाहेर काढूनच आपण आत जातो. म्हणजे पाय उघडेच असतात, फक्त खाली कुणी बघत नाही. म्हणून येत्या ग्रामसभेत मी दोन मागण्या लेखी देणार आहे. पहिली, साखरेच्या तपासणीच्या नोंदवहीत 'पाय पाहिला' असा एक रकाना. दुसरी, कुष्ठरुग्णांना मिळते तशी एमसीआर चप्पल बधिर पायाच्या मधुमेह्यालाही मिळावी, आज ती त्याला बाजारातून विकत घ्यावी लागते. आणि ती शिवायचं काम संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळामार्फत जिल्ह्यातल्याच कारागिरांना द्यावं, म्हणजे ती बाहेरच्या चपलेसारखी दिसेलही. अर्जाचा मसुदा तयार आहे. आपापल्या गावात द्यायचा असेल त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा, पाठवतो.

तोवर घरात जे कुणी साखरेची गोळी घेतात, आई, आप्पा, आत्या, त्यांना आज रात्री खुर्चीत बसवा आणि उजेडात त्यांचे तळवे बघा. बोटांच्या बेचक्यातही बघा. गरम पाण्यात पाय घालायच्या आधी पाणी तुमच्या हाताने तपासा. चप्पल घालायच्या आधी उलटी करून झटका. घट्टा दिसला तर ब्लेड लावू नका, डॉक्टरला दाखवा.